दहा दिवसांची मुदत

१

सोमवारी सकाळी जवादच्या बेकरीत, भट्टी पेटायच्या आत, पिठाच्या पोत्यावर एक पाकीट सापडलं. आत वहीचा एक कागद होता आणि बंदुकीची एक गोळी.

आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात आलेलं हे चौथं पाकीट. सामर्‍याच्या दर्ग्याचा सोन्याचा घुमट उडवल्यापासून बगदादमध्ये पोस्टमन येईनासा झाला होता, पण पाकिटं मात्र बिनचूक येत होती. सुन्नी वस्तीत शियांच्या दारात, शिया वस्तीत सुन्नींच्या. आमची वस्ती दोघांची, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही बाजूंनी येत. अमेरिकन येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी कोण शिया, कोण सुन्नी हे आम्ही विचारतच नव्हतो, असं लोक हल्ली सांगतात. ते खोटं आहे. विचारत होतो, पण सोयरीक जुळवताना. मारताना विचारायची पद्धत नवी होती.

मी शाकिर, रेल्वेतला निवृत्त गार्ड, सुन्नी. माझी बायको बहिजा शिया. तेव्हा चाळीस वर्षं एका चटईवर नमाज पढत होतो, ती हात सोडून, मी हात बांधून, आणि भांडण झालंच तर ते वांग्याच्या भाजीत मीठ किती यावरून. बहिजा सुईण. अर्धी गल्ली तिच्या हातांवर जन्मली. त्यामुळे तिच्यापुढे खोटं बोलायला माणसं कचरतात. तिने त्यांना उघडं-नागडं रडताना पाहिलेलं असतं. कुणाचा गॅसचा सिलिंडर चोरीला गेला, कुणाच्या लेकीच्या बांगड्या हरवल्या की लोक पोलिसांकडे जात नसत, खाला बहिजाकडे, म्हणजे बहिजामावशीकडे येत.

त्या सोमवारी जवाद स्वतः आला. अंगाला पीठ, हातात पाकीट, आणि हसत होता.

"खाला, माझंही लग्नाचं आमंत्रण आलं बघ," तो म्हणाला.

जवादची ही तर्‍हाच. गल्लीतून कुणी घर सोडून दमास्कसला किंवा अम्मानला निघालं, की हा दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "शेपूट सांभाळा रे, दारात अडकेल." मी मेलो तरी भट्टीपाशीच मरेन, हे त्याचं पालुपद.

बहिजाने कागद खिडकीपाशी नेला. मी तिच्या खांद्यावरून वाचला.

"जवाद भट्टीवाल्यास. ही गल्ली तुझी नाही. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सूर्य मावळायच्या आत बायकामुलांसकट निघून जा. घराला नीट कुलूप लाव, किल्ली कुणाला देऊ नकोस. थांबलास तर गोळी सोबत आहेच."

"फाडून टाकणार होतो," जवाद म्हणाला. "पण रात्री अकील मुक्कामाला होता, माझ्याआधी त्याच्या हातात पडलं."

अकील त्याचा धाकटा भाऊ. तो नदीपलीकडे राहायचा, आणि तिथे ज्यांच्यात त्याची ऊठबस होती त्यांच्याकडे पाकिटांचा तुटवडा नव्हता. तो मागोमाग आलाच. खुर्चीवरही बसला नाही.

"खाला, तुझा मान आहे म्हणून थांबतो," तो म्हणाला. "शुक्रवारच्या नमाजापर्यंत. मला नाव माहीत आहे, तू फक्त हो म्हण. कागदाचा वास घे."

बहिजाने घेतला. मीही घेतला. कागदाला डिझेलचा वास येत होता.

"आपल्या गल्लीत डिझेलमध्ये हात कुणाचे असतात?" अकील म्हणाला. "खलफचे. आणि खलफचा पोरगा मुहन्नद कुणाबरोबर फिरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शुक्रवारी मी मुहन्नदला न्यायला येईन."

कुठे न्यायला, ते आम्ही विचारलं नाही.

२

खलफ जनरेटरवाला. सरकारी वीज दिवसाला दोन तास येई, बाकीची खलफ देई. त्याच्या पत्र्याच्या खोलीतून निघालेल्या तारा गल्लीभर पसरल्या होत्या. सुन्नी, अन्बारकडचा, आडदांड, आणि त्या यंत्राशेजारी बसून बसून कानाने अधू झालेला. तो आणि जवाद शाळेत एका बाकावर होते, इराणच्या लढाईत एका खंदकात. आता रोज सकाळी खलफ सामून पाव घ्यायला जाई आणि म्हणे, "आजही जाळलास." जवाद म्हणे, "तुझ्या विजेत पाणी आहे, त्याला मी काय करू?" हे झाल्याशिवाय दोघांचाही दिवस सुरू होत नसे.

अकील गेल्यावर मी बहिजाला म्हणालो, "खलफ असं करणार नाही."

"करणार नाही असं कुणाबद्दलही म्हणू नकोस," ती म्हणाली. "आणि डिझेलचं म्हणशील, तर बगदादमध्ये तान्ह्या पोराच्या टाळूलासुद्धा डिझेलचा वास येतो. आपल्या हौदाच्या पाण्यालाही येतो."

तिने वाळवलेल्या लिंबांचा काढा केला. विचार करायचा असला की ती चहा करत नाही, हा काढा करते, आणि मलाही प्यावा लागतो.

"आधीची तीन पाकिटं आठव," ती म्हणाली. "मुदत किती होती?"

मी बोटं मोजली. शिक्षकाला तीन दिवस दिले होते, शिंप्याला एक. कोपर्‍यावरच्या विधवेला तर बारा तास.

"आणि जवादला दहा दिवस," बहिजा म्हणाली. "दहा दिवसांत माणूस भाऊबंद गोळा करतो, बंदुका आणतो. पाकीट टाकणारे एवढे उदार कधी झाले? शिवाय त्या तिन्ही कागदांवर टोळीचं नाव होतं, वर कुराणातली आयत होती. यावर काहीच नाही."

"म्हणजे टोळीचं नाही."

"आणि किल्लीचं बघ. लोकांना हाकलतात कशासाठी? घरासाठी. शिंप्याला काय लिहिलं होतं? दार उघडं टाकून जा. याला म्हणतात, नीट कुलूप लाव, किल्ली कुणाला देऊ नकोस. धमकी आहे की सासूचा उपदेश, कळत नाही."

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिने काढ्याचा पेला ठेवला आणि अंगावर काळा अबाया घेतला.

"चल, नाजीकडे," ती म्हणाली. "जवादच्या घरावर गल्लीत डोळा असलेला माणूस एकच आहे."

३

नाजी घरांचा दलाल. त्या दिवसांत त्याचा धंदा जोरात होता. पलीकडच्या वस्तीतला सुन्नी इकडे, इकडचा शिया तिकडे, अशी तो घरांची अदलाबदल करून द्यायचा आणि दोघांच्या दुःखात सामील व्हायचा. रडायचाही मनापासून. जवादला तो तीनदा भेटला होता, आणि तिन्ही वेळा जवादने त्याला आदल्या दिवशीचे शिळे पाव देऊन परत धाडलं होतं.

त्याने आम्हाला उकडलेली अंडी आणि पिवळं आंब्याचं लोणचं घालून सामून दिले. जवादचेच होते. कागद वाचून त्याने डोक्याला हात लावला.

"खाला, हे माझं काम वाटतं तुला?"

"तुला घर हवं होतं."

"अजून हवंय. पण जरा धंद्याच्या अकलेने बघ. माणूस कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून निघून गेला, तर मी अदलाबदल कुणाशी करू? दाराशी? मला मालक समोर लागतो, सही करायला. मी धमकी लिहिली असती तर शेवटी लिहिलं असतं, जाण्यापूर्वी नाजीला भेट."

बहिजाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. त्याचा जन्म पायाळू होता आणि त्याने तिला चौदा तास जागवलं होतं, हे ती कधी विसरली नाही.

"तू लबाड आहेस," ती म्हणाली, "पण हे खरं बोललास."

आम्ही निघालो. दारापर्यंत येऊन नाजी हळूच म्हणाला, "खाला, तो जायलाच हवा असं वाटणारं माणूस त्याच्या घरातच आहे. नजीहा महिन्याभरापूर्वी माझ्याकडे आली होती. नवर्‍याला न सांगता."

४

नजीहा जवादची बायको. मंगळवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती मोठं पातेलं मांडीत घेऊन तांदूळ निवडत होती, आणि तिची हौरा शेजारी जमिनीवर पुस्तकं पसरून डोलत डोलत पाठ करत होती. बारावीची परीक्षा चालू होती. त्या वर्षी आमच्या गल्लीतून परीक्षेला बसलेली ती एकटीच. बाकीच्यांची पोरं एक तर देश सोडून गेली होती किंवा घराबाहेर पडत नव्हती. हौराला डॉक्टर व्हायचं होतं, आणि पेपरला तिला जवाद, मी आणि आणखी कुणी ना कुणी असे तिघे सोडायला जात असू, निरनिराळ्या रस्त्यांनी.

"गेले होते मी नाजीकडे," नजीहाने लगेच कबूल केलं. "काय करू? माझा भाऊ दमास्कसला बोलावतोय. ह्यांना सांगितलं की म्हणतात, मी भट्टी पाठीवर घेऊन जाऊ का? बहिजाताई, ते पाकीट आलं ना, मला भीती वाटली, पण खरं सांगू? बरंही वाटलं. म्हटलं आता तरी हलतील."

"आणि हलले?"

"छे. सकाळपासून तीनदा विनोद केला त्या गोळीवर."

बहिजा हौराकडे वळली. "पेपर कसे जातायत गं?"

"बरे गेले खाला. पेपरच्या आदल्या दिवशी खलफचाचा आमच्या तारेत दुपारीसुद्धा वीज सोडतो, पंखा चालतो. म्हणून डोकं चालतं."

"आणि सुटणार कधी?"

"केमिस्ट्रीला. शेवटचा पेपर. पुढच्या आठवड्यात गुरुवारी संपणार होतं खरं, पण शाळेत परवा बोर्ड लागला. केमिस्ट्री शनिवारी ढकलली. म्हणजे आणखी दोन दिवस रटाळपणा."

"दोन दिवस जास्त मिळाले असं म्हण," नजीहा म्हणाली. "तिची केमिस्ट्रीच कच्ची आहे. हा पेपर राहिला तर सगळं वर्ष गेलं. मी म्हटलं, काहीही होवो, शनिवारचा पेपर देऊनच ही पोर हलेल."

बाहेर पडल्यावर मी बहिजाचा हात धरला. मला सगळं कळलं होतं, आणि मला असं फार वेळा होत नाही.

"नजीहानेच लिहिलं," मी म्हणालो. "दहा दिवस का, तर परीक्षा संपेपर्यंत. कुलूप का, तर स्वतःचं घर आहे. टोळीवाले केमिस्ट्रीच्या पेपरासाठी थांबत नाहीत, आई थांबते. झालं की नाही?"

"अर्धं झालं," बहिजा म्हणाली. "मुदत परीक्षेमुळेच आहे. पण शाकिर, तुझ्या गाड्या एवढ्या उशिरा का पोचायच्या ते मला आज कळलं. मुदत गुरुवारची आहे. पेपर शनिवारी. नजीहाला बदल परवापासून माहीत आहे, आणि पाकीट काल आलं. कुठली आई मुलीला शेवटच्या पेपराच्या दोन दिवस आधी उठवेल?"

मी थांबलो. भर उन्हात गल्लीच्या मध्यावर.

"म्हणजे लिहिणार्‍याला जुनी तारीख माहीत होती, नवी नव्हती," ती म्हणाली. "या पोरीच्या परीक्षेची एवढी काळजी असलेला, पण त्या घरात न राहणारा माणूस. मला आता खलफकडे जावं लागणार, आणि मला जायचं नाहीये."

५

पत्र्याच्या खोलीत यंत्राचा धडधडाट होता. खलफने आम्हाला बघून खुर्ची पुसली, आणि बहिजाने बसायच्या आधी भिंतीकडे पाहिलं. तिथे तारांचे फलक होते, कुणाच्या तारेवर किती अँपियर याची खडूने लिहिलेली यादी होती, आणि त्या यादीशेजारी चिकटपट्टीने लावलेला वहीचा एक कागद. हौराचं गोल अक्षर. पेपरांचं वेळापत्रक. झालेल्या पेपरांवर तेलकट बोटाने एकेक रेघ ओढली होती. सगळ्यात खाली लिहिलं होतं, केमिस्ट्री, गुरुवार.

बहिजाने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे शनिवारवर गेलं, खलफ," ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली. "पोरगी तुला सांगायला विसरली."

खलफचं तोंड एकदम उतरलं. त्याने आधी पेपराची चिंता केली, हे मी शपथेवर सांगेन. "शनिवार?" तो म्हणाला. "मग गुरुवारी कशी जाणार ती?" आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्याने हात लांबवून यंत्र बंद केलं. सगळ्या गल्लीची वीज गेली. घराघरांतून शिव्या ऐकू आल्या.

"मुहन्नद रडत आला माझ्याकडे," तो म्हणाला. शांततेतही तो ओरडूनच बोलत होता. बहिजाने ओठांवर बोट ठेवलं तेव्हा आवाज खाली आणला. "ज्या कार्ट्यांबरोबर हिंडत होता त्यांच्या यादीत जवादचं नाव आलं. भट्टीवाले शिया असतात, एकेक करून उडवायचं ठरलंय. मी गेलो त्यांच्या म्होरक्याकडे. पाया पडलो नाही, पण पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, गल्ली पाव कुठला खाईल? दुसरा भट्टीवाला मिळेपर्यंत थांबा. महिन्याच्या मध्यापर्यंत थांबतो म्हणाले. त्यापुढे नाही."

"आणि तू जवादला सांगितलं का नाहीस?"

"त्याला?" खलफ म्हणाला. "सांगितलं असतं तर म्हणाला असता, खलफ आहे ना, मग मला कोण हात लावतो. उलट ठाण मांडून बसला असता. आणि मला कसं कळलं विचारलं असतं. अकीलला मुहन्नदचं नाव लागायला किती वेळ? म्हणून म्हटलं, परक्याने धमकावलं तर जाईल. खाला, बारा वेळा लिहिला तो कागद. शिवी घालायची होती आत, टोळीवाले घालतात तशी. हात चालेना."

तो खुर्चीवर बसला आणि तेलकट हातांनी तोंड झाकून रडायला लागला. बहिजाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचेही डोळे भरले होते, आणि माझे तर केव्हाच.

आता गंमत बघा. अकीलने जे नाव घेतलं होतं ते बरोबर निघालं होतं. कागद खलफच्या हातचाच होता. आणि बहिजा कधी खोटं बोलत नाही, ही गोष्ट अकीललाही पक्की ठाऊक होती. शुक्रवारी ती हो म्हणाली, तर मुहन्नद गेला. गप्प राहिली, तरी गेला.

६

गुरुवारी तिने जवाद आणि खलफ दोघांना जेवायला बोलावलं. डोल्मा केला होता, द्राक्षाच्या पानांतला, जवादला आवडतो तसा आंबट. मी म्हटलं, अशी गोष्ट जेवताना सांगायची? ती म्हणाली, तोंड भरलेलं असलं की पुरुष कमी बोलतात.

तिने सगळं सांगितलं. दहा दिवस, कुलूप, गुरुवार आणि शनिवार, भिंतीवरचा कागद. जवाद ऐकत होता आणि खात होता. मग त्याने ताट बाजूला केलं.

"चाळीस वर्षं," तो खलफला म्हणाला. "पाव जळलाय हे तू मला रोज तोंडावर सांगतोस. आणि हे पत्रात लिहितोस?"

"तोंडावर सांगितलं असतं तर गेला असतास?"

"नाही."

"मग?"

"आताही नाही जाणार," जवाद म्हणाला. "सगळ्या जगाला हसलो मी. आता माझी शेपूट लोकांनी बघायची होय?"

तो उठला, बहिजाच्या हाताला सलाम केला आणि निघून गेला. खलफ ताटापुढे तसाच बसून राहिला.

"झालं," मी म्हणालो. "तुझा छडा लागला आणि जवाद, मुहन्नद दोघंही मरणार."

बहिजा उठली. तिने उरलेला डोल्मा झाकून ठेवला.

शुक्रवारी नमाज सुटली आणि अकील आला. गाडीत आणखी दोघे होते. गल्लीत माणसं होती ती भिंतींना टेकून उभी राहिली. पोरांना बायकांनी आत ओढलं. खलफ पत्र्याच्या दारात आडवा उभा होता आणि मुहन्नद त्याच्या मागे, यंत्राशेजारी. अकीलने बहिजाकडे पाहिलं.

"खाला, नाव."

बहिजाने तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती ते मी तिला नंतर पुष्कळदा विचारलं. तिने सांगितलेलं नाही. तेवढ्यात बेकरीच्या पायरीवरून आवाज आला.

"तिला कशाला छळतोस? मला विचार की."

जवाद रस्त्यात आला. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"ते पाकीट मीच टाकलं," तो म्हणाला.

अकील दोन पावलं त्याच्याकडे आला.

"घाबरलो होतो," जवाद म्हणाला. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "महिना झाला, झोप नाही. पण जाणार्‍यांना एवढा हसलो, आता स्वतः कुठल्या तोंडाने जाऊ? म्हटलं, धमकी आली की जायला निमित्त होईल. कुलूप लाव म्हणून लिहिलं ते का? माझं घर आहे म्हणून. दहा दिवस का? पोरीचा पेपर आहे म्हणून. दहा दिवस कुठली टोळी देते रे? तुझी देते?"

गाडीतले दोघे एकमेकांकडे बघू लागले. अकीलचा चेहरा तांबडा झाला.

"खोटं," तो म्हणाला. "केमिस्ट्री शनिवारी आहे. काल हौरानेच मला सांगितलं. तू लिहिलं असतंस तर गुरुवार कशाला लिहिला असतास?"

जवादचं तोंड उघडंच राहिलं. याचा त्याने विचार केलेला नव्हता. बहिजाने माझा दंड एवढा दाबला की आठवडाभर वळ राहिला.

तेव्हा घराच्या दारातून नजीहाचा आवाज आला. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती नवर्‍याकडे बघत होती, मग खलफकडे, मग खलफच्या मागच्या मुलाकडे.

"भावजी, तुम्ही कुणाला तारखा विचारताय?" ती म्हणाली. "ह्यांना पोरीची इयत्ता विचारा. परवा मला म्हणाले, हौरा नववीत ना गं?"

कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी कुणी. बघता बघता सगळी गल्ली जवादला हसत होती, आणि तो मान खाली घालून उभा होता, ज्याने कधी कुणापुढे मान झुकवली नव्हती.

अकीलने बहिजाकडे वळून विचारलं, "खाला, खरं आहे?"

"हो," बहिजा म्हणाली.

चाळीस वर्षांत मी तिला बोलताना ऐकलेलं ते एकच खोटं.

अकील भावाच्या पायापाशी थुंकला. "आपल्या बापाचं नाव घालवलंस," म्हणाला आणि गाडीत बसला. गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत जवाद हलला नाही. मग तो खलफकडे न बघता बेकरीत गेला.

७

पुढचे आठ दिवस खलफ बेकरीच्या दारात खुर्ची टाकून बसला. यंत्र कुणाला तरी सांभाळायला दिलं. मुहन्नदला त्याने रविवारीच अम्मानच्या गाडीत बसवलं. पुढच्या शनिवारी पेपर सुटला, हौरा केंद्राच्या दारातूनच गाडीत बसली, आणि आईबापांसह तिघे तिथूनच दमास्कसच्या रस्त्याला लागले. मी आणि खलफ तिथवर गेलो होतो. खलफने गाडीचं दार दोनदा आपटून बंद केलं, कारण ते एकदा आपटून बंद होत नव्हतं.

हौरा पास झाली. डॉक्टरही झाली, पण दुसर्‍याच देशात. सध्या ते सगळे स्वीडनमध्ये असतात. जवादला तिथला पाव पाव वाटत नाही.

गल्ली आता पुष्कळ बदलली आहे, पण चहाच्या दुकानात ही गोष्ट अजून निघते. स्वतःला स्वतःच धमकी पाठवणारा भट्टीवाला. नवीन माणूस आला की त्याला ऐकवतातच, आणि पोरीची इयत्ता आली की सगळे गुडघ्यांवर हात मारून हसतात. खलफ तिथेच बसलेला असतो.

मागच्या थंडीत तो अचानक उठला. आता तो सत्तरीचा आहे. म्हणाला, "तो कागद मी लिहिला होता." कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "बस चाचा, बस. दोस्ताची अब्रू झाकायला किती खोटं बोलशील?" खलफ ओरडत राहिला, मी लिहिला, मी लिहिला. लोक त्याच्या मैत्रीचं कौतुक करत राहिले.

तो तिथून सरळ आमच्याकडे आला. "खाला, तू सांग त्यांना," म्हणाला. "तुझ्यावर विश्वास ठेवतील. मला हे घेऊन मरायचं नाही."

"सांगते," बहिजा म्हणाली. "अकील आता म्हातारा झालाय, तो काही करत नाही. पण आधी जवादला विचारते. नाव त्याचं गेलंय."

तिने माझ्याकडून फोन लावून घेतला. खलफने कान अगदी फोनला चिकटवला होता. बहिजाने चहाच्या दुकानातली हकीकत सांगितली, आणि विचारलं, आता खरं सांगून टाकू का?

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"अजून सांगतात ती गोष्ट?" जवादने विचारलं.

"रोज," बहिजा म्हणाली.

"रोज?" तो म्हणाला. "मग राहू दे खाला. भित्रा म्हणून का होईना, गल्लीत रोज माझं नाव निघतंय."